बालगृह काढायचंय किंवा चालवायचंय? खाटा किती आणि पैसे कुठून, याचा सविस्तर हिशोब

दर काही महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतोच. गावाबाहेर दोन एकर जागा आहे, वडिलांच्या नावाने अनाथाश्रम काढायचाय, शंभर मुलं ठेवू म्हणतोय, सरकार एका मुलामागे किती देतं तेवढं सांगा. मी संस्थांच्या नोंदणीच्या फायली आणि हिशोब बघते, त्यामुळे हा प्रश्न ओळखीचा झालाय आणि माझं उत्तरही ठरलेलंच असतं, की सरकारचा एक रुपयाही न येता किती मुलांना तुम्ही वर्षभर नीट सांभाळाल ते आधी सांगा, तो आकडा तुमची खरी क्षमता, बाकीचं कागदावरचं. समोरचा बहुतेक वेळा नाराज होतो. असो. खाली जे लिहिलंय ते महाराष्ट्रात स्वयंसेवी संस्था चालवतात त्या बालगृहांबद्दल आहे, नव्याने काढणाऱ्यांसाठी, आणि ज्यांचं चालू आहे पण दर मार्चमध्ये तोंडचं पाणी पळतं त्यांच्यासाठीही.

आधी बघा, जिल्ह्यात गरज कशाची आहे

पहिली गोष्ट, मूल थेट तुमच्याकडे येत नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल बाल कल्याण समितीसमोर जातं आणि समितीच्या लेखी आदेशाने तुमच्याकडे येतं. रात्री कुणी मूल आणून सोडलं तरी प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत कळवायचं असतं, आणि सापडलेल्या मुलाबद्दल कळवलंच नाही तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही. आजी घेऊन आली, रडत होती, म्हणून आम्ही ठेवून घेतलं, हे ऐकायला बरं वाटतं पण तपासणीत अंगाशी येतं.

दुसरी गोष्ट, बालगृहातल्या मुलांच्या फायली उघडून बघा, आई-वडील दोघंही नाहीत अशी मुलं त्यात कमीच असतात. आई आहे पण धुण्याभांड्याला जाते आणि झोपडीत वयात आलेल्या मुलीला एकटं ठेवायची भीती वाटते, वडील दारूत, आईचं दुसरं लग्न, घर ऊसतोडीला जाणारं, असंच जास्त. मग अशा मुलाला खाट द्यायची की घरीच मदत पोचवायची, हा प्रश्न संस्था काढण्याच्या आधीचा आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला २२५० रुपये घरी जातात. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतल्या प्रायोजकत्वात म्हणजे सगळे स्पॉन्सरशिप म्हणतात त्यात ४००० रुपये, त्याला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२ हजार आणि इतरत्र ९६ हजार. आणि त्याच मिशन वात्सल्यमध्ये संस्थेत राहणाऱ्या मुलाच्या पालनपोषणाला दर महिना ३००० धरलेत, म्हणजे मूल घरी राहिलं तर त्याच्या वाट्याला जास्त रक्कम येते, आणि मला विचाराल तर ते बरोबरच आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सामाजिक न्याय विभागाची संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे, शिक्षण विभागाची हंगामी वसतिगृहं असतात. नुसत्या शाळेची अडचण असलेल्या मुलाला बालगृहात आणणं म्हणजे खऱ्या गरजेच्या मुलाची खाट अडवणं.

तेव्हा जागा-बिगा नंतर, आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा आणि विचारा, जिल्ह्यात बालगृहं किती, मुलांची किती मुलींची किती, वयोगट कोणते, मान्य संख्या म्हणजे ठेवायची परवानगी असलेली मुलं किती आणि आज प्रत्यक्षात हजर किती. समितीच्या सदस्यांनाही विचारा, की कुठल्या प्रकारच्या मुलाला पाठवायला जागाच मिळत नाही. बऱ्याच ठिकाणी लहान मुलग्यांच्या खाटा रिकाम्या असतात आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला किंवा लैंगिक अत्याचारातून आलेल्या मुलीला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवावं लागतं. पण संस्था काढायला येणाऱ्या बहुतेकांना सहा ते दहा वयाची, गोड, बोलकी मुलं हवी असतात. चौकशीत गरज दिसली नाही तर बालसंगोपन योजनेत काम करणारी संस्था बना, त्यात प्रत्येक मुलामागे संस्थेलाही महिन्याला २५० रुपये मिळतात, रक्कम छोटी आहे पण काम मोठं आहे आणि इमारत लागत नाही.

नोंदणी आणि मान्य संख्या

गरज आहे असं पक्कं झालं की संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली हवी, घटनेत बालकांच्या निवासी संगोपनाचा उद्देश हवा, नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवर आयडी हवा. मग बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४१ खालची नोंदणी. अर्ज नमुना २७ मध्ये, जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांमार्फत, पुढे तो पुण्याच्या आयुक्तालयाकडे आणि शासनाकडे जातो. १ सप्टेंबर २०२२ पासून कायद्यातली दुरुस्ती लागू झालीये, त्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांची भूमिका मोठी झालीये, त्यांची शिफारस विचारात घेतली जाते, तर ती पायरी गृहीत धरूनच वेळेचा अंदाज बांधा. अर्ज मिळाल्यापासून एका महिन्यात तात्पुरती नोंदणी देता येते, जास्तीत जास्त ६ महिन्यांसाठी, आणि महिन्यात काहीच उत्तर आलं नाही तर अर्जाची पोच हीच ६ महिन्यांपुरती तात्पुरती नोंदणी मानली जाते. म्हणून आवक शिक्का असलेली, तारीख वाचता येईल अशी पोच जपून ठेवा, लॅमिनेशन करा हवं तर. कायम नोंदणी ५ वर्षांची, मग नूतनीकरण. नोंदणी न करता मुलं ठेवली तर कलम ४२, एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड किंवा दोन्ही, आणि उशिराचे दर ३० दिवस म्हणजे वेगळा गुन्हा.

याच प्रमाणपत्रावर तुमची मान्य संख्या लिहिली जाते. आणि इथेच लोक हाव करतात. जास्त संख्या म्हणजे जास्त अनुदान असा समज असतो.

इमारतीचा हिशोब करायला २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांतलं माप धरा, ५० मुलांच्या संस्थेत २५ मुलांमागे १००० चौरस फुटांचं एक शयनगृह, म्हणजे एका मुलाला ४० चौरस फूट नुसतं झोपायला. त्याशिवाय वर्गखोल्या, आजारी मुलाची खोली, स्वयंपाकघर, जेवणाची जागा, कोठी, वाचनालय, समुपदेशनाची वेगळी खोली, ऑफिस, खेळायला मोकळी जागा. सात मुलांमागे एक संडास आणि दहा मुलांमागे एक न्हाणीघर हे प्रमाण धरून चला. महाराष्ट्राचे स्वतःचे नियम २०१८ चे आहेत, ते प्रिंट काढून जवळ ठेवा, तपासणीला येणारे तेच घेऊन येतात.

आता कागदावरच्या ५० मधून वापरता येतील अशा खाटा किती ते मोजा, कारण हे कुणी करत नाही. समजा बारा-बारा खाटांच्या चार खोल्या आहेत, म्हणजे ४८. पण सात वर्षांच्या मुलाला सतरा वर्षांच्या मुलाच्या खोलीत झोपवता येत नाही, वयोगट वेगळे ठेवायचे असतात, मग एका खोलीत पाच मोठी मुलं आणि सात खाटा रिकाम्या, आणि शेजारच्या खोलीत बारा खाटांत चौदा जण. गोवर, कांजिण्या, खरूज आली की एक खोली वेगळी काढावी लागते. नवीन आलेल्या मुलाला पहिले काही दिवस वेगळं आणि नजरेखाली ठेवायचं असतं. हे सगळं धरलं की ५० च्या इमारतीत ४० ते ४२ मुलं नीट राहतात, त्याच्या वर गेलं की सकाळी संडासासमोर रांग आणि शाळेची बस चुकते. तर मान्य संख्या मागताना इमारतीच्या टोकापर्यंत जाऊ नका, आणि मिळाली तरी दोन-तीन खाटा कायम मोकळ्या ठेवा, रात्री साडेअकराला पोलीस एखाद्या मुलीला घेऊन येतात तेव्हा त्या लागतात.

मुलामागे नक्की किती खर्च येतो

खर्चाचे दोन गठ्ठे करा. एक, मुलांच्या संख्येप्रमाणे हलणारा, म्हणजे धान्य, दूध, भाजी, साबण-तेल, कपडे, वह्या, औषधं, सॅनिटरी पॅड, शाळेचा प्रवास. दुसरा, मुलं तीस असोत की पन्नास, द्यावाच लागणारा, म्हणजे पगार, भाडं, वीज, पाणी, इमारतीची डागडुजी, ऑडिट फी, विमा. नवीन संस्था पहिल्या गठ्ठ्याचाच विचार करतात, कारण देणगीदारालाही तोच दिसतो.

खालचे आकडे नुसते पद्धत कळावी म्हणून घेतलेत, तुमच्या गावचे भाव घाला. समजा दोन्ही वेळचं जेवण, नाश्ता, दूध मिळून एका मुलाचे दिवसाला ८० रुपये, महिन्याला २४००. मिशन वात्सल्यच्या ३००० मधून उरले ६००, त्यात कपडे, चपला, साबण, वह्या, औषधं, दाढदुखी, चष्मा, सगळं. आता दुसरा गठ्ठा, समजा महिन्याला १ लाख ८० हजार. मुलं ५० असतील तर डोक्यामागे ३६००, तीस असतील तर ६०००. म्हणजे मुलं कमी झाली की दर मुलामागचा खर्च वाढतो आणि हजेरीवर मिळणारी रक्कम त्याच वेळी घटते, दोन्हीकडून मार. मग संस्थाचालकाला वाटतं मुलं भरावीत, आणि इथूनच मग जून महिन्यात गावोगाव फिरून पालकांना समजावून मुलं आणणं सुरू होतं, जे अजिबात करू नका, हे बेकायदेशीर तर आहेच पण ज्या मुलाचं घर नीट होतं त्याचं घर तुम्ही तोडता. मुलं कमी असतील तर मान्य संख्या कमी करून घ्या, एक खोली बंद करा, पदं त्याप्रमाणे ठरवा.

पगारात काटकसर करताना जपून. अधीक्षक, समुपदेशक, बालकल्याण अधिकारी किंवा केस वर्कर, गृहमाता-गृहपिता, परिचारिका, स्वयंपाकी, मदतनीस, रखवालदार, हिशोबनीस अशी पदं नियमांत आहेत, मुलींच्या गृहात कर्मचारी महिलाच हव्यात. सगळ्यात कमी पगार गृहमातेला आणि चोवीस तास ड्युटीही तिलाच, असं बहुतेक ठिकाणी दिसतं. ती सोडून गेली की मुलांचं काय होतं ते रात्री अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांच्या संख्येवरून कळतं, हे मी एका जुन्या गृहमातेकडूनच ऐकलंय. बजेटमध्ये रजेवरच्या गृहमातेच्या बदलीचा पगार वेगळा धरा, नाहीतर एकच बाई सलग जागते आणि मग चिडून हात उचलते, आणि संस्थेतल्या माणसाने मुलाला क्रूरपणे वागवलं तर कलम ७५ खाली ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाखांपर्यंत दंड आहे.

अनुदान: किती, कुणाकडून आणि कधी

आधीची एकात्मिक बाल संरक्षण योजना २००९-१० पासून होती, तीच पुढे मिशन वात्सल्यमध्ये आली, नव्या मार्गदर्शक सूचना २०२२ च्या. महाराष्ट्रासाठी केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के. पैसा केंद्राकडून राज्याकडे, राज्याचा हिस्सा मिळून पुढे जिल्ह्याकडे आणि मग संस्थेच्या खात्यात, आणि या साखळीत एक जरी कडी अडली, मागच्या वर्षीचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) एखाद्या जिल्ह्याने दिलं नाही असं काहीही, तरी सगळे थांबतात. याशिवाय राज्याचं स्वतःचं परिपोषण अनुदानही आहे. कुठल्या योजनेत तुमची संस्था बसते ते नोंदणीच्या आदेशावर आणि मंजुरीच्या पत्रावर बघा, तोंडी ऐकून बजेट करू नका.

एक वाक्य मोठ्या अक्षरात लिहून ऑफिसात लावा: नोंदणी म्हणजे अनुदान नव्हे. नोंदणी झालेल्या सगळ्याच संस्थांना अनुदान मिळतं असं नाही, आणि गंमत म्हणजे कलम ४१ मध्येच लिहिलंय की अनुदान मिळो न मिळो, क्षमतेच्या मर्यादेत समितीने पाठवलेलं मूल नोंदणीकृत संस्थेला घ्यावंच लागेल. म्हणजे विनाअनुदानित नोंदणी घेतलीत तरी नाही म्हणता येत नाही. हे माहीत नसताना शंभरची मान्य संख्या मागणारे लोक मी बघितलेत.

५० मुलांचं ३००० ने वर्षाचं गणित १८ लाख होतं. पण सरासरी हजेरी ३८ राहिली तर १३ लाख ६८ हजार. बजेट नेहमी मागच्या वर्षाच्या सरासरी हजेरीवर करा, मान्य संख्येवर नाही, आणि दिवाळी-मेच्या सुट्टीत मुलं घरी जातात ते दिवस वजा करा.

अनुदानाची फाईल बारा महिने तयार ठेवायची असते, मागितल्यावर नाही. त्यात काय काय: रोजचा हजेरीपट, प्रत्येक मुलाचा समितीचा आदेश, सामाजिक तपासणी अहवाल, वैयक्तिक काळजी आराखडा, साठा रजिस्टर, खरेदीची बिलं, पगारपत्रक आणि पगार बँकेतून दिल्याचा पुरावा, ऑडिट रिपोर्ट, उपयोगिता प्रमाणपत्र, पीएफएमएसवर म्हणजे सरकारी पैसा खात्यात पाठवायच्या प्रणालीवर जोडलेल्या खात्याचा तपशील, व्यवस्थापन समितीच्या आणि मुलांच्या समितीच्या बैठकांची इतिवृत्तं. सगळ्यात जास्त अनुदान जातं ते हजेरीपट आणि आदेश जुळत नाहीत म्हणून. मूल डोळ्यासमोर पंक्तीत जेवतंय, पण त्याच्या आदेशाची मुदत संपली आणि कुणी समितीकडून वाढवून घेतला नाही, तर ते मूल हिशोबाच्या यादीत टिकत नाही. एक वही करा, मुलाचं नाव, आदेशाची तारीख, पुढची तारीख, आणि दर सोमवारी ती उघडा. सॉफ्टवेअर लागत नाही याला. ऑनलाइन पोर्टलवरची नोंद आणि हजेरीपटही त्याच दिवशी जुळवा, महिनाअखेरीला एकदम भरायला बसलं की तारखा चुकतात.

आणि उशिराची तरतूद. अनुदान वेळेवर येईल असं धरून किराणा दुकानात खातं चालवू नका, कारण दुकानदार पहिले तीन महिने थांबतो, चौथ्या महिन्यात भाव वाढवून बिल लावतो, त्याचंही बरोबर आहे. किमान ६ महिन्यांचा न हलणारा खर्च वेगळ्या खात्यात किंवा मुदत ठेवीत हवा. ट्रस्टला आयकरात सूट टिकवायला उत्पन्नाच्या ८५ टक्के खर्च दाखवावा लागतो, त्यामुळे राखीव निधी करताना देणगीदाराकडून ही रक्कम कॉर्पससाठी म्हणजे कायम निधीसाठी दिली असं लेखी पत्र घ्या आणि सीएला आधी विचारा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, कलमांचे नंबर बदललेत, जुनी पावतीपुस्तकं तशीच वापरायची की नाही हेही त्यालाच विचारून घ्या.

देणग्या, सीएसआर आणि वाढदिवसाचं श्रीखंड

देणग्यांचा पैसा सणावारी येतो आणि मुलांना भूक रोज लागते. पितृपक्षात जेवणं द्यायला रांग लागते, एकाच रविवारी तीन जण, दुपारी श्रीखंड-पुरी, चारला केक, रात्री पुन्हा गुलाबजाम, सोमवारी निम्मी मुलं पोट धरून बसलेली. आणि मे महिन्यात कुणी फिरकत नाही. यावर उपाय म्हणजे जेवणाचं कॅलेंडर. वर्षाचे ३६५ दिवस लिहा, एका दिवसाच्या जेवणाची रक्कम ठरवा, देणगीदाराला सांगा की तारीख तुमची, पैसे संस्थेच्या खात्यात, स्वयंपाक आमचा, गोड एकच. एका दिवसाला एकच देणगीदार. शिजवलेलं अन्न बाहेरून घ्यायचं टाळा, विषबाधा झाली तर जबाबदार तुम्हीच. सुरुवातीला लोक रुसतात, मग सवय होते.

जुने कपडे घेताना स्पष्ट बोला. फाटकी अंतर्वस्त्रं आणि बटणं तुटलेले शर्ट गोणीभरून येतात, ते निवडायला दोन माणसं अडकतात. यादी पाठवा: अमुक मापाच्या शाळेच्या चपला, ब्लँकेट, प्रेशर कुकरची रिंग, इन्व्हर्टरची बॅटरी.

फोटो. देणगीदाराला चेक देताना मुलांसोबत फोटो हवा असतो आणि तो संध्याकाळी फेसबुकवर असतो, मुलाचा चेहरा, संस्थेचं नाव, गाव सगळं. कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बाहेर बोर्ड लावा, फोटो मुलांच्या पाठीमागून किंवा नुसत्या इमारतीचा. मोठी देणगी देणारा असला तरी. खरंतर तेव्हाच जास्त.

कागदाची बाजू: आयकर सवलतीचं प्रमाणपत्र घ्या, जुन्या कायद्यात ज्याला ८० जी म्हणायचे ते, रोख २००० च्या वरच्या देणगीवर देणगीदाराला ती सवलत मिळत नाही हे पावतीवरच छापा, आणि वर्षाचं देणग्यांचं विवरण ३१ मेच्या आत भरून त्यांना प्रमाणपत्र पाठवा, हे वेळेत पाठवलं की तोच माणूस पुढच्या वर्षी स्वतःहून फोन करतो. कंपनीचा सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी घ्यायचा तर सीएसआर-१ नोंदणी लागते, २०२१ पासून सक्तीची आहे. अनाथांसाठी निवासगृहं उभारणं हे कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये नाव घेऊन लिहिलेलं आहे, त्यामुळे तुमचा प्रस्ताव बसतो का हा प्रश्नच येत नाही. अडचण वेगळीच असते. कंपनीला रंगरंगोटी, संगणक कक्ष, पाण्याचा फिल्टर असं काहीतरी फोटोत दिसणारं द्यायचं असतं आणि तुम्हाला गृहमातेचा पगार हवा असतो. तर अशी वस्तू मागा जिच्याने दरमहाचा खर्च उतरतो, सोलर वॉटर हीटर, छतावरचे सोलर पॅनल, मोठं कपडे धुण्याचं मशीन, आणि त्याच प्रस्तावात दोन-तीन वर्षांची देखभाल आणि एका समुपदेशकाचा पगार घाला. एकरकमी मिळालेल्या पैशातून कायमचं पद भरू नका. परदेशातल्या मंडळींचे पैसे एफसीआरए म्हणजे परदेशी योगदान कायद्याखालच्या नोंदणीशिवाय घेता येत नाहीत, अगदी अमेरिकेतल्या मराठी मंडळाने प्रेमाने पाठवले तरी, ती नोंदणी मिळायला ३ वर्षांचं काम आणि १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो आणि खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत उघडावं लागतं. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बँकखात्यातून दिलं तर ते परदेशी योगदान धरत नाहीत, तिथे नागरिकत्व बघतात, त्यामुळे पासपोर्टची प्रत मागून ठेवा.

आणि जे फुकट मिळतं ते आधी घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मान्यताप्राप्त अनाथालयातल्या मुलांचा समावेश आहे, मुलाचं ऑपरेशन निघालं की वर्गणी गोळा करत बसण्याआधी अंगीकृत म्हणजे योजनेशी जोडलेलं रुग्णालय कुठलं ते शोधा. शाळा जवळची जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची घ्या, संस्थेच्या आवारात स्वतःची शाळा काढायच्या भानगडीत पडू नका, खर्च वाढतो आणि मुलं बाहेरचं जगच बघत नाहीत.

खाट मोकळी करणं हेही कामच आहे

क्षमता वाढवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे जी मुलं घरी जाऊ शकतात त्यांना नीट घरी पोचवणं. दर तीन महिन्यांनी अधीक्षक, समुपदेशक आणि केस वर्कर बसून सगळ्या मुलांची तीन गटांत यादी करा. पहिला गट, ज्यांची घरची अडचण सुटण्यासारखी आहे, आईला काम मिळालं, मामा तयार आहे, अशांची गृहचौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत लावा, सोबत बालसंगोपनचा अर्ज भरा आणि समितीसमोर प्रस्ताव ठेवा. दुसरा, ज्यांचं कुणीच नाही, त्यांची दत्तकासाठी मोकळं करण्याची प्रक्रिया किंवा प्रतिपालकत्व म्हणजे दुसऱ्या कुटुंबात सांभाळ सुरू झालाय का ते विचारत राहा, ही मुलं वर्षानुवर्षं फायलीत अडकतात. तिसरा, जी येत्या वर्षात १८ ची होणार.

या तिसऱ्या गटाबद्दल सतराव्या वाढदिवसापासूनच काम लागतं. आधार, जन्माचा दाखला, बँक खातं स्वतःच्या सहीचं, आणि पात्र असेल तर अनाथ प्रमाणपत्र, कारण राज्यात २०१८ पासून अनाथांना शिक्षण आणि नोकरीत १ टक्का आरक्षण आहे आणि ते या प्रमाणपत्रावरच मिळतं. १८ नंतर अनुरक्षणाची म्हणजे आफ्टरकेअरची सोय २१ वर्षांपर्यंत असते, मिशन वात्सल्यमध्ये त्यासाठीही महिना ४००० आहेत. अर्ज आधीच गेला नसेल तर मूल अठराव्या वर्षी एक पिशवी घेऊन एसटी स्टँडवर उभं राहतं आणि संस्थेचे लोक चोरून त्याला मागच्या खोलीत ठेवतात, तेही नियमबाह्यच.

समितीने जास्त मुलं पाठवली तर

मूल दारात आलंय तर त्या रात्री ठेवा, जेवू घाला, झोपवा. सकाळी समितीला लेखी कळवा, की मान्य संख्या इतकी, आज हजर इतकी, अमुक मुलाला दुसऱ्या संस्थेत हलवावं ही विनंती. ईमेल करा आणि पोचही घ्या. कायद्यात क्षमतेच्या अधीन असं लिहिलंय, ते वाक्य पत्रात टाका. फोनवर सांगितलं होतं हा पुरावा होत नाही, आणि उद्या गर्दीच्या खोलीत काही झालं तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतात. तपासणी समिती ३ महिन्यांतून एकदा तरी येते, किमान तीन सदस्य, त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी, त्यांच्या भेटवहीतही जागेची अडचण लिहून घ्या.

बंद करायची वेळ आली तर

हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. पैसे संपत आलेत हे साधारण वर्षभर आधी कळतं, पण संस्थाचालक शेवटच्या महिन्यापर्यंत ओढतात. सहा महिन्यांचा राखीव निधी चारवर आला की विश्वस्तांची बैठक लावा आणि नवीन प्रवेश थांबवण्याबद्दल समिती आणि जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांशी बोला, मान्य संख्या कमी करायचा अर्ज करा. तरीही जमलं नाही तर आयुक्तालयाला आणि समितीला लेखी कळवा, प्रत्येक मुलाचा वेगळा बदलीचा आदेश घ्या, भावंडं एकाच संस्थेत जातील हे बघा, आणि शक्यतो परीक्षा झाल्यावर एप्रिल-मेमध्ये हलवा, डिसेंबरमध्ये नको. मुलांना आधी सांगा, गाडी दारात आल्यावर नाही. शाळेचा दाखला, गुणपत्रिका, आधार, बँकेचं पासबुक, लसीकरणाचं कार्ड आणि चालू औषधांची चिठ्ठी मुलासोबत त्याच दिवशी गेली पाहिजे आणि पुढच्या अधीक्षकाची त्यावर सही घ्या, मागाहून कुरिअर करतो म्हटलेलं कागदपत्र सहसा पोचत नाही आणि मग दहावीच्या फॉर्मच्या वेळी सगळे धावतात.